येऊ का मंग?

१

गिरिधर वकिलांनी मोटार गुत्त्यानं घेतली तेव्हा जालन्याच्या कादराबादेतल्या निम्म्या लोकांनी तोंडात बोट घातलं आणि उरलेल्यांनी वकिलांचं डोकं फिरलं म्हणून जाहीर केलं. आमराई गुत्त्यानं घेतात, शेत घेतात, बाजाराची वसुली घेतात. पण वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याची मोटार, ड्रायव्हरसकट, आपल्या दारात आणून उभी करायची, हे जालन्याला नवीन होतं. निजामी संपून कोर्टकचेऱ्यांची घडी नव्यानं बसत होती आणि वकिलांचं एक पाऊल अंबडला तर दुसरं भोकरदनला असे. मोटारीचं कारण ते हेच सांगत. सांगताना छाती जराशी पुढं येई.

खरं कारण घरात होतं. सहा वर्षांच्या रजनीचा डावा पाय तापात गेला होता. औरंगाबादला एक डॉक्टर मालिश करून, शेक देऊन असे पाय हलते करतात, असं कळलं होतं. दर आठवड्याला पोरीला न्यायचं. आगगाडीच्या गर्दीत तिला कडेवर धरून शरयूची, म्हणजे वकिलांच्या बायकोची, कंबर मोडून जाई. डॉक्टर म्हणाले होते, "पाय येईल, किंवा येणारही नाही." शरयूनं त्यातला पहिला अर्धाच जवळ ठेवला होता. दुसरा अर्धा आपण ऐकलाच नाही असं ती वागत असे.

मोटार शहागडच्या काकासाहेबांची. काळी, लांबलचक, परदेशी. मागच्या बाकावर चौघं ऐसपैस बसावीत, पुढं घडीच्या दोन खुर्च्या, खिडक्यांना पडदे. रजनी बाकावर आडवी झाली आणि तिचे हातपाय कुठंच कशाला लागले नाहीत, तेव्हा ती इतकी हसली की शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं.

मोटार घेऊन शहागडहून निघताना काकासाहेबांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, शरयूला कुंकू लावलं. शरयू पायरी उतरली आणि रीतीप्रमाणं म्हणाली, "येऊ का मंग?"

आपल्याकडं निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही. 'येऊ का' म्हणून विचारायचं आणि घरच्या बाईनं 'या' म्हणायचं. ज्यांचे कोर्टात वाद चालू आहेत अशा जावासुद्धा एकमेकींना 'या' म्हणतात. पुष्पाबाई काही बोलल्या नाहीत. शरयूला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती पुन्हा म्हणाली, "येऊ का?" पुष्पाबाईंनी ओठ घट्ट मिटले, मान दुसरीकडं वळवली आणि नुसता हात हलवला.

"तोंडातून साधं 'या' निघालं न्हाई बाईच्या," मोटार गावाबाहेर पडल्यावर शरयू म्हणाली.

"घरची मोटार दुसऱ्याच्या दारात चालली. वाईट वाटलं असंल," वकील म्हणाले, आणि खिडकीचा पडदा वरखाली करून पाहू लागले.

२

मोटारीनं घराचा नूर पालटला. शरयूला आधी लाज वाटली, मग सवय झाली, मग गंमत वाटू लागली. भाजीवालीसुद्धा आता "मोटारवाल्या बाई" म्हणून हाक मारी आणि भाव मात्र तेवढाच चढा लावी. ड्रायव्हर मच्छिंद्र काकासाहेबांकडचाच, तोंडात सदा लावणी, आणि इंजिनापाशी बसून बसून कानानं जरासा अधू. त्याला काही सांगायचं तर पुढं जाऊन ओरडावं लागे.

रजनी तर मोटारीतच राहायला तयार होती. मोटार दारात थांबली की ती बाकाच्या कडेपर्यंत घसरत येई, दोन्ही हात वर करी आणि विचारी, "आई, येऊ का?" म्हणजे, तुझ्या कडेवर येऊ का. शरयू म्हणे, "ये!" आणि पोर तिच्या गळ्यात पडे. ते दोघींचं ठरून गेलं होतं.

एकदा वकिलांच्या आत्या, गोजरबाई, त्यांच्याबरोबर अंबडला निघाल्या. वाटेत त्यांनी कुरकूर सुरू केली.

"एवढी घरायेवढी मोटार, आन् माझा गुडघा हिच्या बरगडीत! सरक की गं जरा."

शरयू हसून सरकू गेली आणि तिच्या लक्षात आलं. ते सगळे उजव्या अंगाला एकमेकांना चिकटून बसले होते. वकील दाराला टेकलेले, त्यांच्या अंगावर रजनी, मग ती, मग आत्या. डाव्या खिडकीपाशी एक माणूस सहज बसेल एवढी जागा रिकामी होती. पूर्ण रिकामी. आणि गोजरबाई, ज्या बसायला गेल्या की सतरंजी आपोआप त्यांच्याकडं ओढली जायची, त्या अंग चोरून बसल्या होत्या.

"तिकडं जागा पडलीय की आत्या!"

"अगं बाई, खरंच की!" आत्या ऐसपैस सरकल्या. सगळे मोकळे झाले. पण पुढचं गाव येईपर्यंत आत्यांचा गुडघा पुन्हा शरयूच्या बरगडीत होता, आणि सरकल्याचं कुणालाही आठवत नव्हतं.

रस्ता एका बाजूला उतरता असेल, शरयूनं स्वतःला समजावलं. खालची स्प्रिंग दबली असेल. तिनं मच्छिंद्रला सांगितलं, त्यानं खाली वाकून, टायरवर लाथा मारून पाहिलं. "बिलकुल बराबर हाय बाई. गाडी सरळ उभी हाय." परतताना रस्त्याचा उतार उलट्या अंगाला होता. तरी डावी खिडकी रिकामीच राहिली.

३

हसनाबादला वकिलांच्या नात्यातल्या एका घरी बारसं होतं. परतताना मोटारीत माणसं कोंबून भरली होती. जालन्यात शिरल्यावर एकेकाला दारोदार सोडत आले. दिवेलागण झाली होती, गल्लीत धूर आणि भाकरीचा वास, आणि प्रत्येक दारात तोच सोहळा. "येऊ का मंग?" "या हं." "येतो, वकीलसाहेब." "या, या." शेवटी गोजरबाई उतरल्या. त्यांचंही झालं.

घरी पोचले तेव्हा रजनी शरयूच्या खांद्यावर झोपून गेली होती. वकील कुलूप काढायला पुढं गेले. मच्छिंद्र टपावरची गाठोडी सोडत होता. शरयू पोरीला सावरत उतरली, दोन पावलं चालली, तोच मागून मोटारीतून आवाज आला.

"येऊ का मंग, बाई?"

हळू आवाज. अदबीचा. बराच वेळ वाट पाहून, इतरांचं होऊ देऊन, मग आपण विचारावं, तसा. शरयूचा पदर रजनीच्या अंगाखाली अडकला होता, पायात चप्पल नीट येत नव्हती. संध्याकाळभर तोंडात तेच शब्द होते. ती मागं न बघताच म्हणाली,

"या, या. सावकाश या."

ओट्यावर चढली आणि थबकली.

"कुणाशी बोललीस?" वकिलांनी आतून विचारलं.

ती वळली. मोटारीचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. सगळी माणसं ज्याच्या त्याच्या घरी गेली होती, आणि गोजरबाई उतरून बराच वेळ झाला होता. मच्छिंद्र गाठोडं खांद्यावर घेऊन लावणी गुणगुणत आला आणि तिच्या बाजूनं आत निघून गेला. तो ओट्याच्या पायरीवर जरासा कडेला होऊन चढला. कुणाला वाट द्यावी तसा.

"कुणाशी न्हाई," शरयू म्हणाली.

४

दुसऱ्या दिवसापासून मोटारीत सगळे ऐसपैस बसू लागले. वकिलांनी पाय लांब केले, डाव्या खिडकीशी आपली कागदांची पेटी ठेवली. शरयूला हायसं वाटलं. दोन दिवस तरी वाटलं.

मग जेवताना तिनं पाटांकडं पाहिलं. वकिलांचा पाट, रजनीचा पाट, मध्ये आणखी एक पाट मावेल एवढी जागा. तिनं स्वतःच मांडले होते. ते जवळ ओढले. वाढायला उठली, परत आली, तर रजनी घसरून भिंतीला लागली होती आणि मधली जागा पुन्हा तेवढीच.

घर तसं लहान नव्हतं. पुढं ओटा, मधलं माजघर, मागं अंगण आणि अंगणात आड. पण ते घर आता एका अंगानं राहू लागलं. वकील झोपाळ्यावर कडेला बसत, अर्धं अंग बाहेर. दोघं समोरासमोरून आले तर दोघेही भिंतीला लागून जात. आणि यातलं कुणाला काही जाणवत नसे. शरयूलाही नसे. ती मुद्दाम थांबून, मान वळवून बघे तेव्हाच कळे की आपण आता कुणाला तरी वाट दिली. ते कळण्याची तिला भीती वाटू लागली. न बघितलेलं बरं, असं वाटे. पण रजनीसाठी बघावं लागे.

कारण सगळ्यात जास्त रजनी सरकत होती. मोठी माणसं उठून दुसरीकडं जात, तिला उठता येत नव्हतं. रात्री तिला मधोमध निजवावं, सकाळी ती गादीवरून खाली, भिंतीला चिकटून, अंगाचं मुटकुळं करून पडलेली असे. औरंगाबादच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन पाहिला. "गेल्या महिन्यात ऊब येत होती," ते म्हणाले. "आता का थांबली?"

शरयूनं परत येताना रजनीला मांडीवर घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तू अशी कडंकडंला का बसती गं, बाळा?"

"तिला जागा लागती ना."

"कुणाला?"

रजनीनं आईकडं पाहिलं. हे काय विचारणं झालं, असं. "तूच 'या' म्हणालीस की."

पोर तेव्हा झोपली नव्हती तर. "कशी दिसती ती?"

"दिसत न्हाई. बसती."

"मोठी हाय का लहान?"

"आधी मोठी होती," रजनी म्हणाली. मग तिनं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवलं. "आता माझ्यायेवढी झाली."

५

शरयूनं त्या रात्री सगळं वकिलांना सांगितलं. शहागडच्या पायरीपासून. पुष्पाबाईंनी ओठ का मिटले होते ते तिला आता कळलं होतं. त्या घरात कुणी तरी एकदा 'या' म्हणून बसलं असेल, आणि नंतर त्या घरानं तो शब्दच सोडून दिला असेल.

वकिलांनी ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, फक्त वकील होते. "आवाज तू एकटीनं ऐकला. पोर तुझ्या तोंडचं ऐकून बोलती. जागेचं म्हणशील तर माणूस जिथं बसतो तिथं बसतो, त्याला काय पुरावा? उद्या जज्जासमोर उभी राह्यलीस तर काय सांगशील? 'साहेब, हे लोक सरकून बसून राह्यले'?"

ती हसली नाही. ते हसले आणि कूस बदलून झोपले. झोपेत ते बाजेच्या अगदी काठावर होते. तिनं कंदील वर धरून पाहिलं, मग फार वेळ पाहिलं नाही.

गुरुवारी बाजाराच्या दिवशी ती स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. रजनीला तिनं ओट्यावर, खांबाशी टेकवून, चिंचोके खेळायला देऊन बसवलं होतं. माजघरापलीकडून चिंचोक्यांचा आवाज येत होता. मग येईनासा झाला. शरयूनं सूप खाली ठेवलं. ओट्यावर गेली, तिथं चिंचोके होते. आणि ओट्यापासून माजघरातून, मागच्या दारातून अंगणापर्यंत, सारवलेल्या जमिनीवर घसटत गेल्याची एक वाट उमटली होती.

रजनी आडाच्या काठावर बसली होती. आडाला कठडा नव्हता, नुसते दगड. पाय आत सोडलेले. दोन्ही हातांनी ती दगड धरून आणखी थोडी पुढं सरकत होती, शहाण्या मुलीसारखी, कुणाला त्रास होऊ नये म्हणून.

"आई, ओरडू नको," ती मागं न बघता म्हणाली. "तिला बसू देऊन राह्यले."

शरयू कशी पोचली तिला आठवत नाही. पोरीच्या दोन्ही काखांत हात घालून तिनं तिला मागं ओढलं आणि दोघी अंगणात पडल्या. पडतानाही तिच्या डोक्यात एवढंच होतं की माझी रजनी आहे, हिची जागा आहे, ही मी कुणाला देणार नाही. ती मोठ्यानं रडली. रजनी तिच्या पोटाशी होती, पण मिठीतही जराशी एका अंगाला होती.

संध्याकाळी वकिलांनी सुतार बोलावून आडावर फळ्या ठोकून घेतल्या. ठोकणं संपेपर्यंत ते तिथंच उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मग ते म्हणाले, "मोटार परत करून टाकू."

६

पण नुसती मोटार परत करून काय होणार? आलेली पाहुणी घरात बसली होती. मोटार गेली तर तिला जायला वाहनच उरणार नव्हतं. शरयू हे वकिलांशी बोलली नाही. तिनं एकटीनं विचार केला, भाकरी थापताना, रजनीच्या पायाला तेल लावताना.

माझ्या शब्दानं आली, तर माझ्या शब्दानंच जायला पाहिजे. आधी तिला मोटारीत परत बसवायचं. मग मोटार दाराशी आली की ती विचारील, रीतीची आहे, विचारल्याशिवाय राहणार नाही. आणि तेव्हा तिला जे उत्तर द्यायचं ते शरयूला माहीत होतं. पुष्पाबाईंनी नुसते ओठ मिटले होते. तेवढ्यानं भागणार नव्हतं.

'जा.' एवढासा शब्द. पण दारातून निघणाऱ्याला तो तिनं उभ्या आयुष्यात म्हटला नव्हता. भिकाऱ्यालाही ती 'पुढं या बाबा' म्हणे. तिनं न्हाणीत दार लावून तो म्हणून पाहिला. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. दुसऱ्यांदा शब्द निघाला आणि तिला स्वतःचाच आवाज इतका परका वाटला की अंगावर शहारा आला. तिनं ठरवलं, म्हणताना बघायचं नाही. बघितलं तर जमणार नाही.

वकिलांनी शहागडला निरोप धाडला. औरंगाबादची एक फेरी करून यायचं, माणसं घरी उतरवायची, आणि मच्छिंद्रनं तशीच मोटार काकासाहेबांकडं न्यायची, असं ठरलं.

निघायच्या सकाळी शरयूनं माजघरातल्या मधल्या मोकळ्या जागेकडं तोंड केलं. तिथं काही नव्हतं. ऊन होतं, खिडकीच्या गजांची सावली होती. तिनं हळदीकुंकवाची कोयरी उचलली, एक बोट कुंकू हवेत टेकवल्यासारखं केलं आणि म्हणाली,

"चला. फिरून येऊ."

मोटारीत वकिलांनी कागदांची पेटी डाव्या खिडकीपाशी ठेवली नाही, मांडीवर घेतली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रजनी शरयूच्या अंगावर रेलली, शरयू वकिलांच्या, वकील दाराला टेकले. डावी खिडकी रिकामी होती. शरयूनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

७

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. गल्लीत वर्दळ होती, समोरच्या ओट्यावर द्वारकाबाई वाती वळत बसल्या होत्या. भर दिवसाउजेडी, माणसांत, हे होऊन जाणार म्हणून शरयूला धीर आला.

तिनं वाटेतच वकिलांना सांगून ठेवलं होतं, "आज रजनीला तुम्ही उतरवून घ्या. पलीकडल्या दारानं. आधी तिला घ्या, मंग बाकीचं." ते "हो, हो" म्हणाले होते.

मोटार थांबली. शरयू डाव्या दारानं उतरली, दार उघडंच ठेवलं आणि मोटारीकडं पाठ करून उभी राहिली. पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. वकिलांचं खाकरणं ऐकू आलं. मोटार जराशी हलली, कुणी तरी उतरल्यासारखी. घेतलं पोरीला, शरयूला वाटलं. तिनं दोन्ही मुठी आवळल्या. द्वारकाबाईंनी लांबून काही तरी विचारलं.

मागून आवाज आला. बारीक, लाडिक.

"येऊ का?"

किती लहान झालाय आवाज, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं डोळे मिटले.

"जा!" ती म्हणाली. सगळा जीव गोळा करून म्हणाली. "जा, परत येऊ नकोस. तुला इथं जागा न्हाई."

मागून एक खोल श्वास ऐकू आला, पोर रडण्याआधी घेतं तसा, आणि तो तसाच राहिला. मच्छिंद्र वळसा घालून आला, त्यानं ते दार धाडकन लावलं आणि आपल्या जागेकडं गेला.

"शरयू!" पलीकडून वकील ओरडले. त्यांचा आवाज फुटला होता. "शरयू, इकडं ये! अगं, बघ तर!"

ती मोटारीच्या पुढून वळसा घालून धावली. रस्त्याच्या धुळीत रजनी उभी होती. कशालाही न धरता. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून, सरळ. वकील तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले होते, आणि भर गल्लीत, पक्षकारांनी पाहिलं असतं तरी त्यांना पर्वा नव्हती, ते हुंदके देत होते.

"स्वतः उतरली गं! डॉक्टर म्हणालेच होते की न्हाई? म्हणालेच होते!"

"तुम्ही उतरवलं न्हाई हिला?"

"तेच तर सांगून राह्यलो. मी पेटी काढून मागं गेल्तो, गाठोडं सोडायला. ती बाकावरच होती, तुझ्याकडं तोंड करून. हात वर करून तुला काही तरी म्हणून राह्यल्ती. वळून बघतो तर इकडून खाली, उभी!"

शरयूनं मुलीकडं पाहिलं. तोच झगा, तीच वेणी, कपाळावरचा तोच कांजिण्यांचा वण. मुलगी तिच्याकडं बघत होती. नीट, शांत, बरोबर मधोमध उभी राहून. तिनं हात वर केले नाहीत.

"येतो मंग, वकीलसाहेब!" मच्छिंद्र ओरडला.

"या, या!" वकील रडत हसत म्हणाले. "या, मच्छिंद्र!"

मोटार सुरू झाली, धूर सोडत त्यांच्या बाजूनं पुढं सरकली. शरयूसमोरून मागची काच गेली. काचेवर धूळ होती. धुळीआड, बाकाच्या पाठीच्या वर, दोन लहान हात वर झालेले होते.

ती धावली. पदर सुटला, चप्पल मागं राहिली. द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या.

"अगं, कुठं चाललीस?" वकील हाक मारत होते. "शरयू! रजनी इथं हाय! अगं, इथं हाय रजनी!"

मोटार गल्लीच्या तोंडाशी पोचली, वळली, कुंडलिका नदीच्या रस्त्याला लागली. हात अजून वर होते. मच्छिंद्रला तिची हाक ऐकू जाणार नव्हती, तिला ते ठाऊक होतं. पण ती हाक मच्छिंद्रला नव्हती. तो शब्द मागं घ्यायला एकच दुसरा शब्द होता आणि तो ती छाती फुटेस्तोवर ओरडत सुटली.

"ये! ये गं बाळा, ये! ये!"

मोटार थांबली नाही. आणि तिच्या मागून, हाक ऐकून, दोन लहान पावलं धुळीत धावत येऊ लागली. दोन्ही सारखीच पडत होती, आणि ती जवळ येत होती.